गळकी मोटार

मोटार गळते हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. सुनेच्या अंगावर पडलेला थेंब हा थेंबच नव्हे, असा आमच्या घरचा कारभार होता.

आष्टीजवळ आमचं गाव. मुलुख निजामाचा, मामंजी देशमुख आणि घरातल्या बायकांना कडक गोषा. मामंजींनी औरंगाबादच्या एका वकिलाची जुनी मोटार घेतली, तेव्हा तिची चाकं आणि इंजिन बघायच्या आधी त्यांनी सुताराला बोलावलं. त्यानं मागच्या बैठकीभोवती तिन्ही बाजूंनी पितळेची कांब लावली. त्यासाठी छताला आरपार भोकं पाडून आकडे बसवले आणि वरून डांबर थापलं. छप्पर म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं मेणकापड. पण कांबेवरचा दुपदरी लाल मखमलीचा पडदा असा जड की ओढताना माझा हात भरून यायचा. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तशी ती मोटार होती.

बाळंतपण आटोपून मी माहेराहून, चकलांब्याहून, परतले ती याच मोटारीतून. वाटेत पावसानं गाठलं आणि माझ्या मांडीवर टपटप पाणी गळू लागलं. कुशीत तान्ही मुलगी. पदर धरला, मग पाठ वाकवून तिच्यावर धरली, तरी घर येईतो तिचं दुपटं भिजलंच. पडद्यापलीकडे डायवर होता, पण परपुरुषाला हाक मारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलगी खोकू लागली, आणि पुढे तो खोकला छातीत उतरला.

मग कुठं गळती शोधायला सुरुवात झाली. डायवर हैदराबादकडचा, कष्टाळू माणूस. त्यानं काचांच्या कडेनं लुकण भरलं, दारांच्या फटीत मेण घातलं. आकड्यांवरचं डांबर तर त्यानं सगळ्यात आधी ठोकून पाहिलं होतं, ते पक्कं होतं. मग मोटार अंगणात उभी करून गडी छतावर घागरी ओतायचे, डायवर आत बसून वर बघायचा आणि मामंजी ओट्यावरून विचारायचे, "आला का बे थेंब?"

"न्हाई सरकार. कोरडंठाक हाय."

पाणी ओतण्याआधी सासूबाई स्वतः उभ्या राहून पडदा उतरवून घेत. मखमल भिजली तर डाग पडतील, आणि बायकांच्या पडद्याआड डायवरनं शिरायचं कसं? दोन्ही कारणं घरात सगळ्यांना रास्त वाटत. मलासुद्धा.

असं दोन-तीनदा झाल्यावर मामंजींनी निकाल दिला. "मोटार काय गळत न्हाई. लेकरू मुतलं आसंल, दुसरं काय."

मला इतका संताप आला की त्या दिवशी मी जेवले नाही. पण उपाशी सुनेकडे बघायला कुणाला वेळ होता? यजमान हैदराबादला वकिली शिकत होते, त्यांना मुलीचा खोकलासुद्धा ठाऊक नव्हता.

हस्ताचा पाऊस लागला आणि मुलीचा श्वास वाजू लागला. दूध ओढता ओढता ती दमायची. वैद्य आले, छातीला कान लावला आणि म्हणाले, "आता हितं न्हाई भागायचं. नगरच्या डाक्तरला दाखवा. पर वाटंत वल लागली, तर मी काई सांगू शकत न्हाई."

मामंजींनी लगेच मोटार दाराशी आणवली. मुलीला घोंगडीत गुंडाळून मी आत बसले, शेजारी सासूबाई, भोवती पडदा. मोटार अजून जागची हललीही नव्हती, तोच माझ्या गुडघ्यावर थेंब पडला.

मी सासूबाईंना दाखवला. त्यांनी पडद्याआडून मामंजींना सांगितलं, मामंजींनी डायवरला. आम्हाला उतरवलं, पडदा काढला, डायवर भर पावसात आत शिरून बसला. थेंब नाही. पडदा चढवला, आम्ही बसलो. थेंब हजर.

"कावून खोळंबा करती पोरगी?" मामंजी बाहेरून म्हणाले. "लेकराचा जीव चाललाय."

लेकरू कुणाचं होतं? मी वर पाहिलं. पडद्याच्या भारानं कांब खाली आली होती, आकडे ओढले गेले होते आणि तिथलं छत खोलगट झालं होतं. आकड्याच्या मुळाशी पाणी जमायचं, आतल्या अस्तराखालून मागे सरकायचं आणि माझ्यावर पडायचं. मी एका हातानं कांब वर उचलली. थेंब थांबला. सोडली. पुन्हा पडला.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. मी म्हटलं, "पडदा काढायला सांगा."

त्यांनी उलट पडद्याची फट ओढून घेतली. आष्टीचा बाजार होता त्या दिवशी, आणि पुढे निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. देशमुखांची सून उघड्या मोटारीतून जाणार, म्हणजे सात गावं बोलणार.

मुलगी खोकली, आणि खोकल्यानंतर श्वास घ्यायचं विसरल्यासारखी झाली. मी तिला सासूबाईंच्या ओटीत टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मामंजींशी बोलले. पडद्याआडूनच बोलले, पण सरळ बोलले. "मामंजी, पडदा लावला की मोटार गळते. पडदा ठेवायचा की पोर, ते तुम्ही सांगा."

मग पडदा बाहेरून बाजूला झाला. मामंजी स्वतः उभे होते, फेट्यातून पाणी निथळत होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी कांबेवरून पडदा ओढून काढला आणि चिखलातून घरात नेऊन टाकला. मग ते डायवरशेजारी जाऊन बसले.

डोक्यावर पदर घेऊन मी बसले. बाजारातून जाताना माणसं थबकून बघत होती म्हणे. नाक्यावरचा शिपाई खिडकीशी वाकला आणि गडबडून सरळ झाला, तेवढं मला आठवतं. मामंजींनी नगरपर्यंत मान मागे वळवली नाही. अजून लोक विचारतात, मोटारीतून पहिल्यांदा मुलुख पाहिला तो कसा वाटला? मी मुलुख पाहिलाच नाही. मी छताकडे बघत होते. एक थेंब पडला नाही.

मुलगी वाचली. नगरच्या डॉक्टरांनी बरेच दिवस ठेवून घेतली, पण वाचली. तोवर तिथल्याच एका मिस्त्रीनं आकडे काढून भोकं बुजवली आणि छताला नवं मेणकापड घातलं. पडदा लावूनही गळू नये म्हणून कांब छताऐवजी लाकडी पट्ट्यांवर कशी बसवायची, तेही त्यानं मामंजींना समजावून सांगितलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मखमल धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवली. त्यांनी विचारलं, पडदा कधी चढवायचा?

"नगं," मामंजी म्हणाले. "पडदा लावला की मोटार गळती."

पुढे कितीतरी वर्षं ती मोटार आमच्याकडे होती. भर पावसातही ती कधी गळली नाही. पण सोयरेधायरे उघड्या मोटारीबद्दल कुजबुजू लागले की मामंजी तेच सांगायचे, आणि पुढच्या बैठकीवर बसून समोर बघत राहायचे.