एका पानात

कंपनी बंद पडली, म्हणून वीस वर्षांनी बायोडेटा लिहिला. तो तीन पानांचा झाला. झेरॉक्सच्या दुकानातल्या टायपिंगच्या बाई तो एका पानात बसवत होत्या. वरचं ‘श्री गणेशाय नमः’ गेलं, वडिलांचं नाव गेलं, छंद गेले. कॉम्प्युटरवर पुसताना शेवटचं अक्षर आधी जातं. घर रिकामं करताना दाराजवळचं सामान आधी निघतं, तसं.

“काका, खाली संदर्भासाठी ओळखीच्या दोघांची नावं सांगा. नातेवाईक चालत नाहीत.”

मी आठवत राहिलो. जुने साहेब वारले. बरोबरचे पांगले. दूधवाला रोज भेटतो, पण त्याचं नाव कधी विचारलेलं नाही.

“ती ओळ काढली तर चालेल?” मी विचारलं.

त्यांनी ती काढली. “बघा काका,” त्या खुशीत म्हणाल्या, “बसलं एका पानात.”