पिठाचे हात

“ज्यानं हे ॲप केलंय ना, त्याला एक दिस हितं भाकरी थापाय बसवा की,” कडक भाकऱ्या विकणाऱ्या काकू धाकट्या जावेला म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मी गिऱ्हाइकांच्या रांगेत तिसरी होते, आणि ॲप माझंच होतं. घरून खाणं विकणाऱ्या बायकांसाठी मी ते एकटीने तयार केलं होतं आणि रोज वापरणाऱ्या फक्त या काकू होत्या. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. खोलीभर भाजलेल्या ज्वारीचा वास कोंडला होता. डब्याला टेकवलेला फोन पुन्हा वाजला. नवी ऑर्डर आली की अर्ध्या मिनिटात बटण दाबायचं, नाहीतर ती रद्द, हा नियम मीच घातलेला. काकूंच्या पिठाने भरलेल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. त्यांनी कोपर लावून पाहिलं, मग वाकून नाक टेकवलं. तोवर ऑर्डर गेली. ते बटण मी शंभरदा तपासलं होतं, दर वेळी धुतलेल्या हातांनी. “काढून टाक गं ते, आपलं फोनवर बोलणंच बरं,” काकू म्हणाल्या. जावेने हात पुसून फोन उचलला. रांग सोडून मी पुढे गेले आणि म्हणाले, “काकू, थांबा, ते मी केलंय. हात न लावता नुसतं ‘व्हय’ म्हटलं की ऑर्डर घेईल, असं करून देते.”