पाखराच्या हातभर पुढे

आमच्या वरच्या मजल्यावरचे दादासो कांबळे मूळचे मुरगूडचे. लहानपणी त्यांनी गोफण घेऊन जोंधळा राखला, पुढे तीस वर्षं एसटी चालवली. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला. हात पुन्हा हलू लागला, पण त्याच्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. चहाचा कपही ते डाव्या हातानं उचलत.

नात प्रियदर्शनी संगणकावर लढाऊ विमान उडवायचा खेळ खेळते. हाताला व्यायाम म्हणून तिनं त्यांना जॉयस्टिकसमोर बसवलं. विमान वळवायला ते आठवड्यात शिकले. नेम मात्र लागेना. पडद्यावर नेमाचं हिरवं वर्तुळ असे, समोर शत्रूचं विमान; गोळ्या दर वेळी त्याच्या नाकापुढून निघून जात.

"ऱ्हाऊ दे पोरी. हात गेला माजा," एका रविवारी म्हणाले आणि उठू लागले. मी तेव्हा तिथंच होते.

"आबा, एकदा मारा. मी बघते."

त्यांनी मारलं. परत मारलं. हात गेलेल्याच्या गोळ्या इकडंतिकडं जाव्यात; या दर वेळी तेवढ्याच अंतरावरून जात होत्या.

"वर्तुळ विमानावर का ठेवत न्हाईसा?"

"खुळी का काय? पाखरू जितं हाय तितं गोफणीचा गुंडा टाकला तर रिकाम्या आभाळात जातोय. जितं जाणार, तितं टाकायचा, हातभर म्होरं. आख्खा थवा वळवायचो की मी!"

प्रियदर्शनी हसतच सुटली. "आबा, रडारनं विमान लॉक केलं की ते पुढचं अंतर मशीनच मोजतंय. त्याच्यावर तुमचं हातभर आणि वेगळं!"

तिनं लॉक काढलं. वर्तुळ गेलं. विमानाच्या नाकाची दिशा दाखवणारी साधी फुली तेवढी उरली.

दादासोंनी फुली समोरच्या विमानाच्या पुढे, मोकळ्या निळ्यात नेली. थांबले. बोट दाबलं. ते विमान आपणहून गोळ्यांत शिरल्यासारखं शिरलं. धूर झाला.



"आता तुजं लॉक लाव," ते म्हणाले. तिनं लावलं, वर्तुळ विमानावर धरून दाखवलं. फुली पुढे, मोकळ्यातच होती. दादासोंनी पडद्यावर बोटं टेकवून मधलं अंतर मोजलं. चार बोटं. मघाशी त्यांनी अंदाजानं सोडलं होतं तेवढंच.

"ह्या मशीनला कुणी शिकिवलं?" ते हळूच म्हणाले. मला मात्र दुसराच प्रश्न पडला होता: मग हा हात गेला कुठं होता?

चहा आला. त्यांनी उजवा हात पुढे केला. कप थरथरला, थोडा चहा बशीत सांडला. त्यांनी हात बदलला नाही.