दोघींची एक चौकट

शेजारच्या आजोबांना चेहरे दिसत नाहीत. डोळ्यांच्या मधोमध डाग पसरत गेला आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून ज्याच्याकडे बघायचं त्याच्या जरा बाजूला ते बघतात. माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या कानापलीकडे असते. सुरुवातीला मी मागे वळून बघायचो, कोणी आलंय का म्हणून.

ते मूळचे इंग्लंडचे. तरुणपणी नोकरीसाठी इथे फेल्डहोवन या डच गावाजवळ आले, डच मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. त्यांच्या आणि आमच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढ्या झुडपांचं कुंपण आहे. माझी मुलगी लहानपणी त्या कुंपणावरून त्यांना आजोबा म्हणून हाक मारायची, तेव्हापासून आम्हीही आजोबाच म्हणतो. त्यांची बायको गेली आणि मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागलो. आधी नुसती आलेली पत्रं वाचून दाखवायचो. मग एकदा त्यांनी विचारलं, "याच्यापेक्षा जुनं काही वाचशील?"

जुनं म्हणजे मध्ययुगातलं. त्यांच्या आईचं घराणं इंग्लंडमधल्या एका गावचं छोटं जमीनदार घराणं होतं. सरदार नव्हेत आणि कसणारे शेतकरीही नव्हेत. एक गाव, एक पाणचक्की, आणि एक तळं. त्या तळ्यातल्या माशांवरून शेजारच्या मठाशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या भांडण. निवृत्त झाल्यावर आजोबा या घराण्याच्या मागे लागले. दरवर्षी इंग्लंडला जाऊन दप्तरखान्यांत बसले, लॅटिन शिकले, वंशावळ मागे मागे नेत गेले. मग डोळ्यांनी दगा दिला. एका पिढीशी सगळं अडलं होतं. तिथल्या जमीनदाराच्या बायकोचं पहिलं नाव त्याच्या मृत्युपत्रात होतं, पण ती कोणाची मुलगी हे कुठेच नव्हतं. आणि आजोबांची सगळी शाखा तिच्याच मुलापासून निघालेली.

त्यांना ही वंशावळ पुरी करून मोठ्या कागदावर, मोठ्या अक्षरांत छापून घ्यायची होती. पुढच्या वाढदिवसाला मुलं-नातवंडं जमतील तेव्हा ती भिंतीवर हवी होती. "मला दिसतंय तोवर," ते म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना मुदत दिली नव्हती, पण फार वाट बघू नका असं सुचवलं होतं.

तर मी लॅपटॉप घेऊन बसायचो. बरेचसे कागद आता इंटरनेटवर इंग्रजीत मिळतात. आजोबांची अट एकच होती: "एकही शब्द गाळायचा नाही. महत्त्वाचं काय ते तू ठरवू नकोस."

मला त्यात गोडी लागली. वारस वयात आला हे सिद्ध करायला गावकऱ्यांच्या साक्षी होत. एक म्हणे, मुलाचा बाप्तिस्मा मला आठवतो, त्याच दिवशी मी घोड्यावरून पडलो. दुसरा म्हणे, त्याच दिवशी माझं छप्पर जळालं. तिसऱ्याचा भाऊ त्याच दिवशी नदीत पडला होता. आजोबा डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "म्हणजे अख्खं गाव पडलं, जळलं, बुडालं, आणि मधल्या वेळात एक मूल जन्मलं."

त्या रविवारी मला तो कागद सापडला. जिथे सगळं अडलं होतं त्याच जमीनदाराचं लग्न. मुलीच्या बापाने तिच्याबरोबर नदीकाठचं एक कुरण दिलं होतं, त्याचा लांबलचक करार. तेवढ्यात बायकोचा फोन आला, खिचडी गार होतेय. मी करार वाचला नाही. सारांश सांगितला.

"आजोबा, तिचे वडील सापडले."

ते खुर्चीत पुढे सरकले. "नक्की?"

"नक्की."

करारात नवरीचं नाव मृत्युपत्रातल्या बायकोच्या नावापेक्षा वेगळं होतं. ते मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं, आणि मला त्यात काही खटकलं नाही. माझ्या आईला माहेरी एका नावाने हाक मारतात, सासरी दुसऱ्या. माझ्या सगळ्या काकवांचं तेच. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने मी बायकोचं नवं नाव लिहिलं होतं, माझ्या आईने निवडलेलं. तिला ते आवडलं का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतर विचारायची वेळ गेली असं मानून टाकलं. पुढे माझ्या इंजिनिअरच्या नोकरीसाठी आम्ही इथे आलो तेव्हा खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, खिडकीमागच्या बाईंनी तिचा जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि मला हळूच विचारलं, "या दुसऱ्या बाई कुठे असतात?" दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र पुण्याहून मागवावं लागलं. ते येईपर्यंत बायको घरी बसून होती. तेव्हापासून दोन नावं दिसली की माझं मन आपोआप एक बाई बघतं.

म्हणून वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये मी त्या दोन नावांची एकच चौकट केली. घरी येऊन खिचडी खाल्ली.

नवरीचा बाप मोठ्या घरातला निघाला. त्याच्या मागच्या पिढ्यांची वाट मोकळी होती. काही रविवारांत आम्ही चिलखतवाल्या योद्ध्यांपर्यंत आणि एका किल्ल्यापर्यंत पोचलो. आजोबांना आनंद लपवता येईना. "माझे सासरचे लोक मला जन्मभर बटाटेवाला इंग्रज म्हणत आले," ते म्हणाले. "आता तू चहा आणताना जरा वाकत जा." फोनवर मुलाला सांगताना त्यांचा आवाज चढलेला मला कुंपणापलीकडून ऐकू आला.

हे सगळं मी जेवताना घरी सांगितलं. दोन नावांची गंमतही सांगितली. बायकोचा हात ताटावरच थांबला.

"अरे, त्यांच्यात आडनाव बदलतात. पहिलं नाव कुठे बदलतात?"

मुलगी म्हणाली, "बाबा, सीरियसली? नोबडी डझ दॅट."

"आपण करतो ना," बायको तिला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "त्या खेमेंटेतल्या बाईंनी माझ्या दोन केल्या होत्या. तू त्या दोघींची एक केलीस."

मुलगी हसत सुटली. मलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी सगळे कागद पुन्हा उघडले. एक कागद मी पूर्वी जमिनीचा वाद समजून बाजूला सारला होता. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी ते नदीकाठचं कुरण नवरीच्या बापाकडे परत गेलं होतं. तेव्हाची रीत अशी, की मुलीबरोबर दिलेली जमीन तिच्या मुलांची. मूल न होता ती वारली, तर जमीन माहेरी परत. म्हणजे ती गेली होती. मृत्युपत्रातली बायको तिच्यानंतर आलेली, दुसरी. आजोबा त्या दुसरीचे. तिचा बाप कोण, गाव कोणतं, कोणालाच माहीत नाही. योद्धे आणि किल्ला पहिलीचे होते. आणि तिच्यानंतर तिचं कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सांगणार होतो. सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दुसरेच कागद काढून वाचत राहिलो. ते विचारत, "छापायला का देत नाहीस? कशाची वाट बघतोयस?" मी म्हणालो, एवढा मोठा कागद छापखान्यात मागवावा लागतो. ते मान डोलवत. त्यांची नजर नेहमीप्रमाणे माझ्या कानापलीकडे होती, आणि तिथे बघणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं फार सोपं होतं. ते सोपं होतं हेच मला अजून टोचतं. मी स्वतःला समजावत होतो की शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हाताऱ्या माणसाचा आनंद, बिघडतंय कोणाचं.

"त्यांना दिसत नाही म्हणून तू गप्प आहेस," बायको म्हणाली. "दिसत असतं तर केव्हाच बोलला असतास."

नंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा आजोबा चहा ओतत होते. कपाच्या कडेवर बोट ठेवून ओततात, चहा बोटाला लागला की थांबतात. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: सारांश, दोन नावं, तांदळाचं ताट, कुरण, आणि छापखान्याचं खोटं. मध्ये एकदा चहा त्यांच्या बोटाला लागला असावा. त्यांनी किटली खाली ठेवली.

मला वाटलं होतं, ते किल्ल्याबद्दल विचारतील.

"लग्नानंतर किती जगली ती?"

"नक्की कळत नाही. दोन-चार वर्षं असतील."

"मूल नाही."

"नाही."

"तो करार वाच. त्या दिवशी वाचला नाहीस तो. तुला भूक लागली होती." मी चमकलो. ते म्हणाले, "माझे डोळे गेलेत, इंजिनिअर. फोन मला ऐकू आला होता."

मी वाचला. कुरणाच्या चारी सीमा, गवत कधी कापायचं, ओढ्यावरची वाट कोणाची, साक्षीदार. एकही शब्द गाळला नाही. नवरीचं नाव आलं तिथे त्यांनी हात वर केला, म्हणून मी ते पुन्हा वाचलं. चहावर साय धरली.

"इकडे येण्याआधी माझं लग्न झालं होतं," ते म्हणाले. "इंग्लंडमध्ये. दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. आजारी पडली आणि गेली. त्या घरात राहवेना म्हणून तर ही नोकरी धरली."

मी तेव्हा कुठे बसलो.

"इथल्या बायकोला सांगितलं होतं. पहिल्याच भेटीत. मुलांना नाही. आधी मुलं लहान होती. मग मोठी झाली. आणि आता त्या पहिलीचं सांगायचं म्हणजे इतकी वर्षं का सांगितलं नाही तेही सांगावं लागणार." मग ते म्हणाले, "लोकांच्या बायका शोधायला मी बोटीने समुद्र ओलांडून जात होतो. तिच्या कबरीवर एकदाही गेलो नाही."

मी म्हणालो, "आजोबा, मला माफ करा. तुमचा किल्ला गेला."

"जाऊ दे. किल्ल्याला सारखा गवंडी लागतो." मग खुर्ची माझ्या जवळ ओढून म्हणाले, "त्या मुलीला तिची चौकट दे. खाली रेघ नको, पण चौकट तिची. दुसरीच्या वर कोरं सोड. कोऱ्याची मला लाज नाही. आणि अगदी खाली, माझ्या नावाच्या डावीकडे, आणखी एक चौकट काढ."

त्यांनी आपल्या पहिल्या बायकोचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. मी टाइप केलं. प्रोग्रॅमने मुलांची नावं विचारली. मी तो रकाना रिकामा ठेवून पुढे गेलो.

घरी आलो तेव्हा बायको लसूण सोलत होती. मी शेजारी बसून सोलू लागलो आणि झालेलं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आपली वंशावळ काढलीस तर मला कुठल्या नावाने लिहिशील?"

"तू सांगशील त्या."

"आता विचारतोयस," ती म्हणाली. रागावून नाही. दोन पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, "दोन्ही लिही. पण माहेरचं आधी. आणि चौकट एकच काढ, नाहीतर पुन्हा पुण्याहून कागद मागवावा लागेल."

वाढदिवसाला आम्ही तिघं गेलो. इथल्या पद्धतीने खुर्च्या गोल मांडलेल्या, हातात केकच्या बशा. आलेला प्रत्येक जण सगळ्यांचंच अभिनंदन करत होता, शेजारी म्हणून माझंही. वंशावळ खिडकीशेजारच्या भिंतीवर लावली होती. नातवंडं वरच्या टोकाला फोनवर ऐकलेले योद्धे शोधत होती. आजोबांची मुलगी, माझ्याच वयाची, खालून वर वाचायला लागली, आणि लगेच थांबली.

"पा," तिने विचारलं, "ही कोण?"

तिच्या भावाने बशी मांडीवर ठेवली. मी बायकोकडे पाहिलं आणि निघू या का, अशी खूण केली. तिने मान हलवली, बसून राहा.

"खुर्ची इकडे ओढ," आजोबा मुलीला म्हणाले. ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. त्यांनी तिचा हात चाचपून धरला आणि मान खिडकीकडे वळवली. त्यांना न ओळखणाऱ्याला वाटलं असतं की ते नजर चुकवताहेत. ते कडेच्या नजरेने वंशावळीतल्या त्या चौकटीकडे बघत होते.