वाळ्याच्या पेटीचा वास

घरात नवी वस्तू आली की तिच्यामागून किस्से येतात. वस्तू एक, किस्से पायलीभर! आणि पायली भरली तरी कोणी ना कोणी वरून मूठभर टाकतंच. आमच्या घरी यंदा आली ती गार वाऱ्याची पेटी.

आमचे हे सुरतेला कामासाठी गेले होते. तिथे एका शेटच्या बंगल्यात त्यांनी ती पाहिली आणि नंदुरबारला परतल्या परतल्या सुताराला बसवलं. लाकडी खोकं, आत टेबलफॅन, तीन बाजूंना वाळ्याच्या चटया. वरच्या पन्हाळीत पाणी ओतायचं. ते चटयांतून झिरपत खालच्या परातीत येतं, तेच पुन्हा वर. हे सगळं आमच्या बेबीसाठी. आठ महिन्यांची पोर, पाठीवर घामोळ्यांची नुसती साय धरलेली. पेटी चालू केली आणि चार दिवसांची जागी असलेली पोर दहा मिनिटांत झोपली! मी देवाला साखर ठेवली.

आठ दिवसांनी वास यायला लागला. ओलं पोतं कोपऱ्यात विसरावं, तसा. दारात शेजारच्या जिजीबाई आल्या, नाकाला पदर लावून उंबऱ्यातच थांबल्या, नवी घेतलेली म्हैस शोधावी तशा इकडेतिकडे बघत.

"वैनी, म्हैस लिधी का?"

त्याच दुपारी बेबी खोकली. एकदाच, पण खोकली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पेटी लावावी तर छातीची भीती, बंद करावी तर पाठीची आग. मी बटण दाबायची, पुन्हा बंद करायची, पुन्हा दाबायची.

"अगं, पंखा आहे की दाराची बेल!" हे म्हणाले.

*

पहिला उपाय ह्यांचा. बाजारातून मोगऱ्याचं अत्तर आणलं आणि मला न विचारता पन्हाळीत अर्धी बाटली ओतली.

वास गेला नाही. फक्त ओल्या पोत्याने मोगऱ्याचा गजरा माळला! उशा, अंथरुणं, बेबीची दुपटी, ह्यांचे सदरे, सगळ्यांतून तो दरवळ. वरणाला फोडणी दिली तर तीही मोगऱ्याची.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीतून तोंड पाडून आले. म्हटलं, काय झालं? मग जेवताना हळूच बोलले. हेडक्लार्कांनी म्हणे त्यांना बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं,

"काय हो, वहिनी माहेरी गेल्यात वाटतं?"

*

आठवड्यात चार वेळा मी बेबीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. चौथ्या वेळी चटईचा तुकडा रुमालात बांधून नेला, म्हटलं वास प्रत्यक्ष दाखवावा. डॉक्टरांना नेमकं पडसं! त्यांनी तुकडा कंपाउंडरच्या नाकाशी धरला. कंपाउंडर दोन पावलं मागे सरकला.

डॉक्टरांनी बेबीची छाती तपासली, पाठ तपासली, जीभ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पेशंट कोण? बाळ की चटई?"

"दोघी," मी म्हटलं. घाबरलं की माझ्या तोंडून असंच काहीतरी निघतं.

"बाळाची छाती आज साफ आहे. आजारी चटई आहे. रोज पाणी बदला, परात घासा, चटईला कडक ऊन द्या. आणि पुढच्या वेळी तिला आणू नका!"

*

तेव्हा ऊन दिलं. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वर्षाच्या तिखटाची मिरची वाळत होती. लालभडक, पाय ठेवायला जागा नाही. सकाळीच मी मिरची गोळा करून पोत्यात भरली आणि मोकळ्या जागेवर चटया पसरल्या. चार तासांत खडखडीत वाळल्या. नाक लावून पाहायचं तेवढं घाईत राहिलं. एरवी मी काय काय हुंगते, पण तेव्हाच नाही!

चटया बसवल्या. पाणी टाकायच्या आधीच बटण दाबलं.

धाब्यावर सांडलेलं मिरचीचं बी न् भुकटी चटयांना चिकटली होती. ती सगळी एका झोताने घरात! बेबीला मी पदरात गुंडाळून अंगणात पळाले. पाळणा सुदैवाने बाजूला होता, पोरीला दोनच शिंका आल्या. पण आत आत्याबाई होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. डोळे लाल, नाक लाल, हातात जपमाळ. प्रत्येक शब्दाला एक शिंक देत त्या बाहेर आल्या.

"आखाजी... आक्छी!... व्हयनी का... आक्छी!... हाऊ डबा... घरना बाहेर!"

हे काही बोलायला गेले.

"तू चूप बस! मन्ही नातले मिरचीनी धुरी दी ऱ्हायनात!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच दिवस. ती झाली की पेटी घराबाहेर, असा शब्द मी देऊन बसले. आणि आखाजीनंतर सगळा वैशाख पडलेला, रोहिणी नक्षत्राचं ऊन पडलेलं. मी बेबीची पाठ उघडून पाहायची, झाकायची. रोज परात घासायची, पाणी बदलायची, कडुलिंबाचा पाला टाकायची. वास कमी झाला, गेला मात्र नाही.

*

आखाजीला माझी नणंद, अक्का, सासरहून आली. सकाळी घागर भरायची होती. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतात, पाण्यात वाळा घालतात, आणि पूजेनंतर घरातलं सगळ्यात मोठं माणूस त्यातलं ओंजळभर पाणी पितं. मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली. घागर त्यांचीच.

वाळा आणायची आठवण कोणालाच राहिली नव्हती. अक्का धाब्यावर गेली, मूठभर काहीतरी घेऊन खाली आली आणि घागरीत टाकून मोकळी झाली. मी वर जाऊन पाहिलं तर उन्हात ठेवलेल्या चटईचा कोपरा तुटलेला!

सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. तोवर पूजा झाली. आत्याबाईंनी ओंजळ भरली, तोंडाशी नेली आणि थांबल्या. हुंगलं. एक घोट घेतला. पुन्हा हुंगलं.

"हाऊ वाळा कोठला व?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

आत्याबाई ओंजळीतल्या पाण्याकडेच बघत होत्या.

"तुन्हा बापनी मोट," त्या अक्काला म्हणाल्या, "अस्साच वास मारे. ईहिरवरथिन घर उना का आंगले बी तोच वास. मी तेले आंगनमाच उभं करू." विहिरीवरून आलेल्या मामंजींना त्या वासापायी अंगणातच थांबवायच्या म्हणे.

उरलेलं पाणी त्या प्यायल्या.

चटई पुन्हा पेटीत बसवली, जेवणं झाली. म्हटलं, आता दिलेला शब्द. मी पेटीचं बटण बंद केलं, पाळणा ओसरीवर नेला. बेबीने उकाड्यात टाहो फोडला. आत्याबाई आतून आल्या, तिला उचललं, आणि पेटीसमोर मांडी घालून बसल्या.

"चालू कर व."

मी दाबलं. गार वारा आला, आणि त्याच्याबरोबर तोही आला. मी घाईघाईने परात ओढायला वाकले. म्हटलं, "आत्याबाई, सकाळपासून पाणी बदललं नाही, थांबा, आत्ता..."

त्यांनी डोळे मिटले होते. बेबी मांडीवर झोपली होती.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आज पानी बदलू नको."