जौनीने कचेरीत खणलेला खड्डा

जौनी टोप्पो आमच्या तळ्याच्या कामावरची मुकादम. सरकारी रोजगाराच्या कामावर आता हजेरी वहीत लागत नाही. मजुरांचा फोटो काढून तो अकराच्या आत फोनवरून पाठवायचा, जेवणानंतर पुन्हा एकदा. आमचं काम दरीत. तिथं रेंजचं नावच नाही. म्हणून आम्ही खणायचो आणि जौनी सुजलेला गुडघा ओढत टेकडी चढायची. रोज दोनदा.

माघात एका आठवड्यात टेकडीवरूनही एक फोटो गेला नाही. सहा दिवस, अठ्ठावीस माणसं, सगळे गैरहजर!

जौनी मला घेऊन कचेरीत गेली. तिथल्या बाबूने मानही वर केली नाही.

"फोटो नाही म्हणजे माणूस नाही."

"मग तळं काय भुतांनी खणलं, बाबू?"

"ते मला नको विचारू. रेंज शोधणं तुझं काम. झाडावर चढ."

"तुझ्या बापाला चढव," मी पुटपुटले. परतताना जौनी एवढंच म्हणाली, "इथं रेंज आहे ना? मग इथंच खणू."

मला वाटलं, रागाने बोलतेय. सोमवारी तिने खरंच सगळ्यांना कुदळी-घमेल्यांसकट कचेरीच्या बागेत उभं केलं.

"चरकू काका, मारा पहिली कुदळ."

काका चाचरले. "पोरी, तुरुंगात टाकतील."

"टाकू दे. तिथं हजेरी तरी रोज लागते."

काकांनी कुदळ मारली. मग कोण थांबतंय! गुलाबाचं झाड मी स्वतः उपटलं, आणि मला अजून त्याचं वाईट वाटलेलं नाही. बाबू धावत आला.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"हलू नका बाबू, फोटोत येताय," जौनी म्हणाली. फोटो काढून इथली रेंज दाखवायला तिने तो आपल्या भावाला पाठवला. क्षणात गेला.

कचेरीचे मोठे साहेब बाहेर आले, पोलिसांचं नाव काढलं. जौनीने त्यांची वाट अडवली. "साहेब, तळ्यावर चला. तिथून एक फोटो पाठवून दाखवा. गेला तर हा खड्डा मी एकटी बुजवते."

फाटकाशी बाजारची गर्दी जमली होती, म्हणून साहेबांना यावं लागलं. पुरुषभर खोल तळ्यात ते महागडा फोन उंच धरून गोल गोल फिरले. शेवटी कागद मागवला, सहा दिवसांची हजेरी लिहून सही केली. पुढची हजेरीही वहीतच घ्या म्हणाले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. बागेची नासधूस केली म्हणून जौनीची मुकादमी गेली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सहा दिवस आम्हाला पुसून टाकणाऱ्या बाबूला मात्र कुणी बोटही लावलं नाही.

जौनी आता आमच्याबरोबर माती उचलते. काल शेजारच्या गावची मुकादम आली होती. त्यांच्याही दरीत रेंज नाही, त्यांचेही चार दिवस गेलेत. काय करावं, विचारत होती.

जौनीने घमेलं खाली ठेवलं.

"कुदळी किती आहेत तुमच्यात?"