निकेलचा हिरवा

खारबावच्या भाविका तरे भिवंडीत आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि उरल्या वेळात पीएचडीचं काम करायच्या. निकेलच्या संयुगांतून प्रकाश सोडायचा, ती कोणते रंग गिळतात ते यंत्रावर मोजायचं आणि त्यावरून धातूतले इलेक्ट्रॉन कसे बसलेत ते ताडायचं, असं ते काम. वर्गात त्या हातातला चुडा पुढे करून सांगत, "निकेल असं हिरवं दिसतं, कारण लाल ते गिळून टाकतं."

२००४ साली त्यांचा नवरा हितेश अचानक गेला. दिवसकार्य उरकून त्या कामावर आल्या आणि थेट यंत्रापाशी बसल्या. यंत्रात काचेच्या दोन कुप्या ठेवतात, एकीत नुसतं पाणी आणि दुसरीत द्रावण. दोहोंतला जो फरक असेल, त्याचाच आलेख उमटतो. त्या दिवशी आलेख वर उठेचना, कागदावर नुसती आडवी रेघ आली. मी शेजारी माझ्या वर्गातल्या मुलांची जर्नलं तपासत होतो. उठून पाहिलं, तर दोन्ही कुप्यांत हिरवंच द्रावण.

"मॅडम, पाणी ठेवायचं राहिलं."

त्यांनी रेघेकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. कॉलेजात त्या कधी गावचं बोलत नसत. "सरळ हाय. बरी हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गावरून चाललो होतो. मोकळं मनगट मुलांपुढे धरून त्या सांगत होत्या, "निकेल असं हिरवं दिसतं."